टायटॅनियमच्या नटांचा हिशेब

९ ऑगस्ट १९८७. बुडापेस्टजवळच्या हंगेरोरिंगवर नायजेल मॅन्सेल सुरुवातीपासून आघाडीवर होता. शर्यत ७६ फेऱ्यांची. ७० वी फेरी चालू असताना त्याच्या विल्यम्स-होंडाच्या उजव्या मागच्या चाकाचा नट निसटून पडला. इंजिन ठणठणीत होते, टायर शाबूत होते, पण गाडी बाजूला घेण्यावाचून इलाज नव्हता. जिंकला त्याचाच संघसाथी नेल्सन पिके, आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपदही पिकेच्याच पदरात पडले.

चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या या सामानाकडे, म्हणजे नट, बोल्ट आणि स्टडकडे, एरवी कुणी ढुंकून पाहत नाही. स्टेपनी बदलायची वेळ आली की मगच त्यांची आठवण होते. पण गेल्या काही दशकांत युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये ‘ट्रॅक-डे’चे प्रस्थ वाढले. पैसे भरायचे, स्वतःची गाडी बंद सर्किटवर न्यायची आणि मनसोक्त हाणायची. या हौशी मंडळींसाठी सुट्या भागांची एक मोठी बाजारपेठ उभी राहिली आणि तिच्यात चाकाच्या नटांनाही मानाचे पान मिळाले. लोखंडी नटांच्या जागी निळसर-जांभळ्या झाकेचे टायटॅनियमचे नट, किंवा रंगीत मुलाम्याचे ॲल्युमिनियमचे. एका गाडीच्या संचाला काहीशे डॉलर सहज पडतात. विक्रेत्यांचा युक्तिवाद ऐकायला पक्का वाटतो: हे वजन फिरते आहे, शिवाय स्प्रिंगच्या खालचे आहे, म्हणून इथे वाचवलेला एक ग्रॅम इतरत्र वाचवलेल्या कित्येक ग्रॅमच्या तोडीचा.

या युक्तिवादातली अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणूनच तो फसवा आहे.

फिरणारे वजन दुप्पट काम करायला लावते, हे बरोबर. गाडीसोबत ते पुढे तर न्यावे लागतेच, वर त्याला गरगर फिरवावेही लागते. पण फिरवायला किती जोर लागेल हे वजन मध्यापासून किती दूर आहे त्यावर ठरते, आणि तेही त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. बागेतल्या गोल चक्रीवर चार मुले कडेला बसली तर ढकलणाऱ्याला घाम फुटतो. तीच मुले मधल्या दांड्याला बिलगून उभी राहिली तर चक्री एका हाताने फिरते. चाकाचे नट नेमके त्या मधल्या दांड्याशी असतात.

प्रत्यक्ष गाडी घेऊन पाहू. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली माझदा एमएक्स-५ ही ट्रॅक-डेवाल्यांची जगभरातली लाडकी गाडी. छोटी, हलकी, मागची चाके ओढणारी आणि दुरुस्तीला स्वस्त. तिच्या प्रत्येक चाकाला चार नट, १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसवलेले. म्हणजे मध्यापासून अंतर ५० मिलिमीटर. तिला १५ इंची चाके आणि १९५ रुंदीचे टायर घातले, तर टायरची त्रिज्या साधारण २८८ मिलिमीटर भरते. ५० भागिले २८८, आणि त्याचा वर्ग: ०.०३. नटाचे वजन फिरते आहे म्हणून त्याला मिळणारा वाढीव भाव फक्त तीन टक्के. शंभर ग्रॅम वाचवले तर ते १०३ ग्रॅमच्या बरोबरीचे. हेच गणित रिमच्या कडेला केले तर चाळीस-पंचेचाळीस टक्के वाढ दिसते, आणि टायरच्या रबराला नव्वदच्या आसपास. ‘फिरणाऱ्या वजना’चा मंत्र टायरला लागू पडतो, रिमला बऱ्यापैकी लागू पडतो. नटाच्या वाट्याला त्यातले जवळजवळ काहीच येत नाही.

आता मुळात वाचते किती? लोखंडाच्या पोलादी मिश्रणाची घनता ७.८५, टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची ४.४३. त्याच मापाचा भाग टायटॅनियमचा केला तर तो ४४ टक्के हलका होतो. एमएक्स-५ चा पोलादी नट पन्नास ग्रॅमचा धरला तर दर नटामागे २२ ग्रॅम, सोळा नटांचे मिळून साडेतीनशे ग्रॅम. जर्मन गाड्यांना सहसा नट नसतात, लांब बोल्ट असतात आणि तेही चाकाला पाच. बोल्ट १३० ग्रॅमचा धरला तर वीस बोल्टांवर सव्वा किलोच्या आत बचत होते. चार चाकांवर ती वाटली की दर चाकाला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास.

पावणेतीनशे ग्रॅम म्हणजे नेमके काय, हे ताडून पाहण्यासाठी पुन्हा टायरकडेच जावे लागते. वर म्हटलेल्या १९५ रुंदीच्या टायरचे रबर एक मिलिमीटर झिजले की त्याचे वजन अंदाजे पाव किलोने कमी होते, आणि तेही अगदी बाहेरच्या कडेवरून, जिथे वजनाला खरा भाव आहे. सर्किटवर तापलेल्या टायरचे एक मिलिमीटर रबर जायला वेळ लागत नाही. टायटॅनियमच्या बोल्टांनी जे मिळवले त्याहून जास्त टायरच्या झिजेने आपोआप मिळते. त्यामुळे गाडी जलद झाली असे मात्र कुणी म्हणत नाही.

पेट्रोलचेही तसेच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथल्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटची एक फेरी ३.७१७ किलोमीटरची. सर्किटवर पिळून काढलेली मध्यम आकाराची गाडी एका फेरीला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पिते, आणि लिटरभर पेट्रोल म्हणजे पाऊण किलो. वीस टायटॅनियम बोल्टांची सगळी बचत टाकीतून दीड फेरीत जळून जाते. टाकी पूर्ण न भरता वीस मिनिटांच्या सत्रापुरतेच पेट्रोल घालून गेलेला माणूस पंधरा-वीस किलो फुकटात वाचवतो.

सेकंदांच्या भाषेत सांगायचे तर फॉर्म्युला वनमध्ये ढोबळ हिशेब असा मानतात की दहा किलो वजनामागे फेरीला तीन दशांश सेकंद जातात. म्हणजे किलोला तीन शतांश. हौशी चालकाच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडला तर तो सातत्याने चालवतो असे म्हणायला हरकत नाही. त्या गोंधळात तीन शतांश शोधणे कठीण आहे.

मग हलकेपणाचा हा सोस आला कुठून? तो आला अगदी गंभीर लोकांकडून, आणि त्यांच्या हातात तो सोस नव्हता. १९६८ मध्ये पोर्शेने घाटातल्या चढाच्या शर्यतींसाठी ९०९ बर्गस्पायडर नावाची गाडी केली. वजन चारशे किलोच्याही आत. ब्रेकच्या डिस्क बेरिलियमच्या, पेट्रोलची टाकी म्हणजे टायटॅनियमचा पोकळ गोळा. त्यात दाबाखाली वायू भरलेला, त्यामुळे इंधनपंपाचेही वजन वाचले. त्या काळात पोर्शेच्या संशोधन विभागाचा प्रमुख असलेला फर्डिनांड पिएख लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरे आणि कुठे साधे लोखंड राहिले आहे का ते तपासे, अशी आठवण सांगितली जाते. पाठोपाठ आलेल्या ९१७ च्या गियरच्या दांड्याची मूठ बाल्सा या पिसासारख्या हलक्या लाकडाची होती. तिच्या सांगाड्याच्या नळ्यांत दाबाने वायू भरून ठेवत आणि दाब उतरला की कुठे तरी चीर पडली असे समजत. १९७१ ची ले माँची शर्यत हेल्मुट मार्को आणि खिस व्हान लेनेप यांनी ज्या ९१७ मधून जिंकली, तिचा सांगाडा तर मॅग्नेशियमचा होता.

ही उदाहरणे विक्रेत्यांना फार आवडतात. पण पोर्शेचे लोक नटबोल्टांपर्यंत पोचले ते सांगाडा, इंजिन, ब्रेक, टाकी, अंगावरचे पत्रे सगळे तासून झाल्यावर. उरलेल्या ग्रॅमसाठी वाटेल तो भाव द्यायला कंपनी तयार होती, घाटातली शर्यत काही मिनिटांची होती आणि भाग दर वेळी बदलायला माणसे हजर होती. मागच्या सीटसकट, स्टेपनी आणि जॅकसकट सर्किटवर उतरलेल्या गाडीला टायटॅनियमचे नट लावणे म्हणजे त्या क्रमाची शेवटची पायरी आधी चढणे.

पोर्शेच्याच दरपत्रकावरून हा क्रम कळतो. २००९ च्या अखेरीस कंपनीने ९११ जीटी३ साठी लिथियम-आयन बॅटरी देऊ केली. नेहमीच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून जास्त हलकी, जर्मनीतली किंमत १,९०४ युरो. तेव्हा तिच्यावर हसणारे बरेच होते, पण किलोला १९० युरोपेक्षा कमी पडत होते. पुढच्या ९११ जीटी२ आरएसच्या ‘वायझाख’ पॅकेजमध्ये मॅग्नेशियमची चाके होती आणि नुसत्या चाकांनी साडेअकरा किलोच्या आसपास वजन उतरवले. टायटॅनियमच्या नटांचा भाव किलोवर काढला, तर एमएक्स-५ च्या बाबतीत तो सहज हजार डॉलरच्या पुढे जातो.

चाकाच्या सामानात पैसा सार्थकी लागतो तो रिममध्ये. जपानच्या रेज कंपनीचे टीई३७ हे चाक १९९६ मध्ये आले. नावातले ३७ म्हणजे १५ इंची, सहा इंच रुंद चाकाचे ३.७ किलो वजन. ओतीव ॲल्युमिनियमचे साधे चाक त्या मापात साडेसहा किलोचे धरले तर एकेका चाकामागे पावणेतीन किलो वाचतात, आणि त्यातला मोठा वाटा मध्यापासून दूर, रिमच्या कडेला. हे चाक घडाईचे असते, म्हणजे धातू दाबाखाली ठोकून आकाराला आणलेला, त्यामुळे ते हलके असूनही दगडाच्या ठोकरीने सहसा तडकत नाही. हलके रिम घेणाऱ्याला वेडा म्हणायचे कारण नाही.

टायटॅनियम इतके महाग का, याचे उत्तर कोकणी माणसाला थोडे टोचेल. हे मूलद्रव्य दुर्मिळ मुळीच नाही. भूकवचात भरपूर आढळणाऱ्या मूलद्रव्यांत त्याचा नववा क्रमांक लागतो. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या पुळणीत जी काळसर वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट असते, आणि इल्मेनाइट हे टायटॅनियमचेच खनिज. महागाई खनिजात नाही, ती धातू सुटा करण्यात आहे. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोलने शोधलेल्या पद्धतीत खनिजापासून आधी क्लोराइड करतात, मग हवेचा संपर्क न येऊ देता मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातून धातू मोकळा करतात. हे काम सलग चालत नाही, घाण्यामागून घाणा असे चालते आणि एकेका घाण्याला दिवस लागतात. हाती येतो तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा, तो पुन्हा निर्वात भट्टीत वितळवायचा. एवढे झाल्यावर कातकाम. तिथेही हा धातू हत्यारांची धार खातो.

या धातूच्या नखऱ्यांचा सर्वांत भारी किस्सा विमानांच्या कारखान्यातला आहे. १९६० च्या दशकात लॉकहीड कंपनी टायटॅनियमची गुप्त टेहळणी विमाने बनवत होती, एसआर-७१ त्यांपैकीच. बोल्ट व्यवस्थित आवळलेले असत, पण विमान तापवून तपासले की त्यांची डोकी तुटून गळून पडत. शोध घेता घेता कळले की कामगारांच्या पान्ह्यांवर कॅडमियमचा मुलामा होता. पान्ह्याचा स्पर्श झाला की त्याचा अंश बोल्टवर राही आणि उष्णतेत टायटॅनियम ठिसूळ होई. कारखान्यातली कॅडमियमची हत्यारे वेचून बाहेर काढावी लागली.

गॅरेजमध्ये इतके टोक गाठले जात नाही, पण एक अडचण नेमाने येते. टायटॅनियमचे आटे एकमेकांवर घासले की पृष्ठभाग सोलवटतो आणि आटे एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून विशिष्ट वंगण लावावे लागते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

चाक जागेवर राहते ते बोल्टच्या आधारावर लोंबकळून नाही. नट आवळला की स्टड, म्हणजे हबमधून बाहेर आलेला आटेदार दांडा, रबरासारखा किंचित ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबून धरले जाते आणि दोन पृष्ठभागांतले घर्षण चाकाला जागचे हलू देत नाही. एमएक्स-५ च्या १२ मिलिमीटरच्या स्टडवर १०८ न्यूटन-मीटर जोर लावला तर कोरड्या आट्यांवर साधारण साडेचार टनांचा दाब तयार होतो. एका नटाचा. गंमत अशी की लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा भाग ताणाच्या कामी येतो, बाकी सगळा घर्षणात जिरतो. आट्यांना वंगण लावले की घर्षण घटते, आणि तोच १०८ चा आकडा स्टडला तीस-चाळीस टक्के जास्त ताणू शकतो. गाडीच्या पुस्तकातला टॉर्क कोरड्या पोलादी आट्यांसाठी दिलेला असतो. नटबोल्ट बदलून पुस्तकातला आकडा तसाच ठेवणारे लोक नकळत वेगळ्याच ताणावर गाडी चालवत असतात.

टायटॅनियमच्या बाजूनेही बोलायला हवे. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियमचे त्याचे मिश्रण चांगल्या पोलादी बोल्टच्या जवळपास ताकदीचे असते. शिवाय ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट लवचीक, त्यामुळे तेवढाच दाब देताना जास्त ताणले जाते, आणि जास्त ताणलेला बोल्ट हादऱ्यांनी सहजी सैल पडत नाही. गंजत तर नाहीच. नामांकित कारखान्याचा बोल्ट उत्तम वस्तू आहे. पंचाईत बाजारातल्या स्वस्त मालाची. शुद्ध, मिश्रण न केलेले टायटॅनियम या मिश्रधातूच्या तुलनेत तिसऱ्या हिश्श्याच्या ताकदीचे असू शकते आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. निळी झाक तर दोघांनाही चढते. ॲल्युमिनियमच्या नटांबद्दल मत देणे सोपे आहे. आटे मऊ, उष्णता सोसण्याची कुवत कमी, आणि सर्किटवर लालबुंद झालेल्या ब्रेक-डिस्कची उष्णता हबमार्गे थेट त्यांच्यापर्यंत येते. प्रदर्शनात मांडायच्या गाडीला शोभतात.

फॉर्म्युला वनमध्ये या एका नटाने काय काय घडवले ते पाहिले की किंमत कशाला द्यायची ते स्पष्ट होते. २०१८ मध्ये मेलबर्नला हास संघाच्या दोन गाड्या चौथ्या-पाचव्या स्थानावर होत्या. पिटमध्ये टायर बदलताना आधी केव्हिन मॅग्नुसेनचा आणि दोन फेऱ्यांनी रोमाँ ग्रोजाँचा नट नीट बसला नाही. दोघेही बाद, २२ गुण पाण्यात. ग्रोजाँची गाडी सर्किटवर थांबल्याने वेगमर्यादा लागली, त्या काळात सेबास्टियन फेटेलने पिटमध्ये जाऊन टायर बदलले आणि लुइस हॅमिल्टनची शर्यत हिसकावली. २०२१ ला मोनॅकोत व्हाल्टेरी बोटासची मर्सिडीज दुसऱ्या स्थानावर होती. पुढच्या उजव्या चाकावर नट सोडवणारी गन किंचित तिरकी बसली आणि नटाच्या कडाच गोल होऊन गेल्या. चाक काही केल्या निघेना. गाडी इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या कारखान्यात परत नेल्यावर, मंगळवारी ते निघाले. शर्यत रविवारी झाली होती.

या संघांकडे पैशाची वानवा नव्हती आणि नट जगातल्या सर्वोत्तम कारागिरीचे होते. घात झाला तो बसवण्या-काढण्यात.

जुन्या, जाणत्या ट्रॅक-डेवाल्यांची खरेदी म्हणूनच वेगळी असते. त्यांना हलके नव्हे, दणकट स्टड हवे असतात. कॅलिफोर्नियातली एआरपी ही १९६८ पासूनची कंपनी शर्यतीच्या बोल्टांसाठी प्रसिद्ध आहे. तिचे क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे स्टड चौरस इंचाला दोन लाख पौंडांच्या ताकदीचे, म्हणजे नेहमीच्या चांगल्या बोल्टपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने सरस. वजन पोलादाचेच. जर्मन गाड्यांचे मालक बोल्ट काढून हबमध्ये स्टड बसवून घेतात, कारण जड चाक एका हाताने तोलत दुसऱ्या हाताने भोक जुळवण्याची कसरत वाचते आणि हबमधले आटे दर वेळी झिजत नाहीत. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची संस्था एनएचआरए नियमच करते की नटाच्या षटकोनी भागात स्टड किमान आपल्या व्यासाइतका शिरलेला असला पाहिजे. म्हणजे १२ मिलिमीटरचा स्टड, तर आत १२ मिलिमीटर. हब आणि चाकाच्या मध्ये जाड स्पेसर टाकून रुंद चाके लावणारे इथे हमखास चुकतात, कारण स्पेसर जेवढा जाड तेवढी स्टडची लांबी आटत जाते.

उरतो तो थकवा, माणसाचा नव्हे, धातूचा. दर वळणावर स्टडवरचा ताण थोडा वाढतो, थोडा उतरतो. असे लाखो वेळा झाले की आट्याच्या खाचेत केसाएवढी चीर पडते आणि एक दिवस स्टड पुरेसा जोर न लावताही तुटतो. चीर वरून दिसत नाही. म्हणून सर्किटवर नियमित जाणारे एक-दोन हंगामांनी सगळे स्टड बदलतात, तुटण्याची वाट पाहत नाहीत. पोलादी स्टडांच्या बाबतीत हे परवडते. महागड्या टायटॅनियमच्या बाबतीत ‘अजून चांगले दिसतायत की’ असे म्हणत ते आणखी एक हंगाम ओढले जातात, आणि हा त्यांचा सर्वांत मोठा तोटा ठरू शकतो.

ज्याच्या गाडीतून सीट, स्टेपनी, आवाज अडवणारे थर निघून गेले आहेत, रिम घडाईचे आहेत, टायर ताजे आहेत आणि जो शर्यतीत वर्गाच्या किमान वजनाच्या वर काही किलोंनी अडला आहे, त्याने नामांकित टायटॅनियम घ्यावे. टॉर्क बोल्टवाल्याच्या तक्त्यातला लावावा. केवळ निळी झाक आवडते म्हणून घेणाऱ्यालाही कुणी अडवू नये, हौसेला मोल नसते. बाकीच्यांसाठी आधी चांगला टॉर्क रेंच येतो. चाक जमिनीवर टेकवून, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, पहिल्या सत्रानंतर चाके निवू द्यायची आणि मगच पुन्हा रेंच लावून पाहायचा. गरम चाकावर घेतलेले माप भलतेच येते, कारण ॲल्युमिनियमचे रिम पोलादी स्टडपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावलेले असते.